'मला थंडी वाजत नाही' : थंडीत शरीराचे तापमान मज्जासंस्था कशी सांभाळते

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीत इथे दुपारी पारा २५-२६ अंश सेल्सिअसवर असतो आणि पहाटे १० च्या आसपास येतो. उत्तरेकडून थंड वारे सुटले की ५-६ अंशांपर्यंतही उतरतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. दुपारी स्वेटर काढून हातावर टाकून फिरणारा माणूस रात्री सराफ्यात गराडू खायला निघाला की मफलर शोधतो. मुंबईहून लग्नाला आलेले पाहुणे 'काय हो तुमच्याकडची ही थंडी!' म्हणतात आणि आपण इंदूरकर ते थोड्या अभिमानानेच ऐकून घेतो.

इथे बर्फ पडत नाही, म्हणून या थंडीला कोणी फारसे गंभीरपणे घेत नाही. आपली घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. उंच छत, गार फरशी, समोरासमोर खिडक्या. घर गरम ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे असे सांगितले आहे. ज्यांच्या घरी भिंतीवरचा थर्मामीटर असेल त्यांनी जानेवारीच्या पहाटे तो एकदा पाहावा.

आमच्या पिढीच्या बऱ्याच घरांत आता दोघेच राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला, कुणाची परदेशात. रात्री फोनवर लेक विचारते, 'बाबा, थंडी फार आहे का?' उत्तर ठरलेले असते, 'छे, मला नाही वाजत थंडी.' बाबा खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच वाजत नसते. पण थंडी वाजणे ही एक गोष्ट आणि शरीर थंड होणे ही दुसरी. मज्जासंस्थेत या दोन्हींच्या वाटासुद्धा वेगळ्या आहेत आणि वयाबरोबर दोन्हींवर परिणाम होतो. आम्ही बी.कॉम. होऊन उभी हयात बँकेत काढली, डॉक्टर नव्हे. तरी निवृत्तीनंतर या विषयावर जे वाचले, समजून घेतले, ते सभासदांच्या घरी उपयोगी पडेल असे वाटले म्हणून इथे एकत्र मांडले आहे.

३७ अंशांचा जमाखर्च

माणसाच्या शरीरात आतले, म्हणजे हृदय, फुप्फुसे, यकृत, मेंदू या भागांचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहते. आपल्या घरातल्या तापमापकावर ते ९८.६ फॅरनहाइट. दिवसभरात ते साधारण अर्धा ते एक अंश खालीवर होते. संध्याकाळी सर्वांत जास्त, पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी. बाहेरची थंडीही पहाटेच सर्वांत जास्त असते हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही उष्णता येते कुठून? खाल्लेल्या अन्नातून. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला त्वचेतून हवेत जाणारी, गार फरशीत जाणारी, श्वासाबरोबर बाहेर पडणारी आणि घामाबरोबर उडून जाणारी उष्णता. जमा आणि खर्च सारखे असले की तापमान स्थिर. थंडीत खर्च वाढतो, तेव्हा दोनच उपाय उरतात, खर्च आवरणे किंवा जमा वाढवणे. शरीर आधी खर्च आवरते आणि तेवढ्याने भागले नाही तरच जमेसाठी मेहनत करते. हा क्रम शरीराला कोणी शिकवला कोण जाणे, पण कोणत्याही शाखाधिकाऱ्याला तो पटेल.

हात, पाय आणि त्वचा यांचे तापमान मात्र ३७ अंश राहात नाही, तसे राहावे असा शरीराचा आग्रहही नसतो. थंडीत बोटे २०, १५ अंशांपर्यंत उतरली तरी शरीर ते चालवून घेते. जपायचे असते ते आतले तापमान.

त्वचेपासून मेंदूपर्यंत दोन वाटा

त्वचेत थंडी आणि उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके पसरलेली असतात. थंडी ओळखणाऱ्या जागा उष्णता ओळखणाऱ्या जागांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि चेहऱ्यावर त्यांची दाटी अधिक. या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. तापमान उतरले की दार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि तंतूतून संदेश निघतो. थंडीसाठीच्या एका महत्त्वाच्या दाराचे नाव टीआरपीएम-८. पुदिन्यातल्या मेंथॉलनेही हेच दार उघडते, म्हणून कपाळाला बाम लावला की गार वाटते, कपाळ प्रत्यक्षात गार झालेले नसते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी मेंथॉलचाच उपयोग करून हे दार स्वतंत्रपणे शोधले. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरील कामासाठी त्यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथून पुढचा भाग आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा. त्वचेतून निघालेला संदेश मज्जारज्जूत पोहोचतो आणि तिथून मेंदूकडे दोन वाटांनी जातो. एक वाट थॅलॅमस नावाच्या भागातून मेंदूच्या बाह्य पटलाकडे जाते. ती पोहोचली की आपल्याला कळते, 'गार लागतेय, खिडकी लावा.' दुसरी वाट मेंदूच्या तळाकडील भागातून हायपोथॅलॅमसकडे जाते. हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा भाग. त्याच्या पुढच्या टोकाशी तापमानाचे नियंत्रण करणाऱ्या पेशी आहेत. त्या कोणाला विचारत नाहीत, आपण जागे असू वा झोपलेले, त्यांचे काम चालू असते.

या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत हे काझुहिरो नाकामुरा आणि शॉन मॉरिसन या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवले. थॅलॅमसची, म्हणजे जाणिवेची वाट बंद केली तरी थंडीविरुद्धची शरीराची कामे सुरूच राहिली. दुसरी वाट अडवल्यावर मात्र ती थांबली. बाबांच्या 'मला नाही वाजत' या उत्तराकडे आता पुन्हा पाहावे. ते पहिल्या वाटेवरचे उत्तर आहे. दुसऱ्या वाटेवर काय चालले आहे ते त्यांनाही माहीत नसते.

हायपोथॅलॅमस फक्त त्वचेच्या बातमीवर अवलंबून नसतो. स्वतःमधून वाहणाऱ्या रक्ताचे तापमानही तो सतत पाहतो, मज्जारज्जू आणि पोटातूनही त्याला खबर मिळते. त्वचेची बातमी आगाऊ सूचना, आतल्या रक्ताची बातमी प्रत्यक्ष शिल्लक. दोन्ही ताडून तो निर्णय घेतो. आणि त्याची कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्याच्यातल्या काही पेशी उबेत जास्त काम करतात आणि उष्णता निर्माण करणाऱ्या यंत्रणेवर सतत ब्रेक लावून ठेवतात. थंडीची खबर आली की या पेशी शांत होतात, ब्रेक सैल होतो आणि यंत्रणा चालू होते.

हुकूम सुटल्यावर

पहिला हुकूम त्वचेतल्या रक्तवाहिन्यांना जातो. तो अनुकंपी मज्जातंतूंमार्फत जातो, म्हणजे ज्यांच्यावर आपली इच्छा चालत नाही त्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या शाखेतून. तंतूंच्या टोकाशी नॉरएपिनेफ्रिन नावाचे रसायन सुटते आणि रक्तवाहिन्या आकसतात. गरम रक्त त्वचेपर्यंत येत नाही, आतच फिरते. हाताचे तळवे, बोटे, तळपाय, नाक, कान इथे रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. त्या बंद झाल्या की हे भाग सर्वांत आधी गार पडतात. नाकाचा शेंडा आणि पायाची बोटे बर्फासारखी लागतात ती याच कारणाने.

अर्थात बोटे मरू देऊन चालत नाही. फार थंडीत काही मिनिटांनी बोटांतल्या वाहिन्या थोड्या वेळासाठी उघडतात, रक्त येते, बोटे लाल होतात, पुन्हा बंद होतात. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचे वर्णन केले. बर्फाच्या पाण्यात हात घालून ठेवला तर हे चढउतार मोजता येतात.

गार पडलेल्या बोटांतले मज्जातंतूही मंदावतात. तापमान एक अंशाने उतरले की तंतूतला संदेश सेकंदाला साधारण दीड-दोन मीटरने हळू होतो. सांध्यातला द्रवही घट्ट होतो. बँकेत असताना डिसेंबर-जानेवारीत सकाळी काउंटर उघडताच येणाऱ्या ज्येष्ठ खातेदारांच्या सह्या नमुना सहीशी जुळत नसत. आम्ही त्यांना बाहेर उन्हात बसवत असू, चहा देत असू, मग सही घेत असू. ती बहुधा जुळायची. सही परत पाठवण्यापेक्षा हे सोपे होते.

अंगावर काटा येतो तोही याच तंतूंच्या हुकमाने. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो, तो आकसला की केस उभा राहतो. कुत्र्या-मांजराच्या दाट केसांत त्यामुळे हवेचा थर अडकतो आणि ऊब राहते. माणसाच्या अंगावर केस उरले नाहीत, हुकूम मात्र अजून सुटतो. गाण्याच्या मैफलीत एखादी जागा ऐकून काटा येतो, तो मार्गही हाच.

एवढ्याने भागले नाही की हुडहुडी भरते. हा हुकूम मात्र हाडांना जोडलेल्या स्नायूंना जातो, ज्यांनी आपण चालतो, उचलतो त्याच स्नायूंना. फरक इतकाच की आपली इच्छा त्यात नसते. स्नायू भराभर आकसतात आणि सैल होतात, बाहेर काहीच काम घडत नाही, म्हणून सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. जोरात कुडकुडताना शरीर स्वस्थ बसलेल्या स्थितीच्या चार-पाच पट उष्णता निर्माण करू शकते. दातांवर दात वाजतात ते जबड्याचे स्नायूही यात सामील होतात म्हणून.

कुडकुडायला इंधन लागते. स्नायूंतली साखर आणि रक्तातली साखर त्यात जळते. उपाशी माणसाचे कुडकुडणे लवकर ढिले पडते, रक्तातली साखर फार उतरली तर ते थांबतेही. आपल्या इतिहासात याची आठवण करून देणारी एक तारीख आहे, १४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठी फौजेची, त्यात मल्हारराव होळकरही होते, रसद तुटलेली होती आणि उत्तर हिंदुस्थानातला ऐन पौषाचा गारठा होता. पराभवाची कारणे इतिहासकारांनी मांडली आहेत आणि त्यांत आम्ही भर घालणार नाही. पण उपाशी पोटी अशा पहाटे उघड्यावर काढणाऱ्या माणसांच्या शरीरात काय उरले असेल याची कल्पना वरच्या माहितीवरून येते. संक्रांतीला तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, लोणी, आणि थंडीभर डिंकाचे व मेथीचे लाडू हे आपल्याकडे रूढ झाले. भरपूर उष्मांक देणारे हे खाणे थंडीला साजेसे आहे, एवढे तरी म्हणता येते. मधुमेहींनी लाडवांचा हिशेब आपापल्या डॉक्टरांशी करावा.

कुडकुडण्याशिवाय उष्णता निर्माण करण्याचा आणखी एक मार्ग आहे, तपकिरी चरबी. साधी चरबी ऊर्जा साठवते, तपकिरी चरबी ती जाळून थेट उष्णता देते, आणि तिलाही अनुकंपी तंतूच चालू करतात. ती फक्त तान्ह्या बाळांत असते असे पूर्वी मानत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी प्रौढांतही मानेजवळ आणि गळ्याच्या हाडाच्या वर ती सापडते हे सिद्ध केले. वयाबरोबर ती कमी होत जाते.

ताप येताना हिव का भरते, हेही इथेच समजून घेता येईल. जंतुसंसर्गात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन हायपोथॅलॅमसवर काम करते आणि त्याने राखायची पातळीच वर सरकते, समजा ३९ अंश. शरीर ३७ वर असते, म्हणजे त्याच्या हिशेबी दोन अंशांची तूट. मग भर दुपारी तीन रजया पांघरूनही माणूस कुडकुडतो. पॅरासिटामॉल ते रसायन कमी करते, पातळी खाली येते आणि घाम फुटतो.

वय झाल्यावर

साठीनंतर वरच्या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी घट होते. त्वचेची टोके मंद होतात, म्हणून खोली गार झाल्याचे उशिरा कळते. रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या घट्ट आकसत नाहीत, म्हणून उष्णता गळत राहते. स्नायू कमी झालेले असतात, म्हणून कुडकुडणे उशिरा सुरू होते आणि कमी पडते. यातली एकेक घट फार नसते. सगळ्या मिळून मात्र, थंडी न वाजताही शरीर हळूहळू गार होत जाऊ शकते.

त्यात आजार आणि औषधे. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्यांना हुकूम नेणारे स्वायत्त तंतूही बिघडतात. थायरॉइड कमी काम करत असेल तर जमेची बाजूच उणी. झोपेच्या गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधे आणि रक्तदाबासाठीची बीटा ब्लॉकर गटातली औषधे थंडीला तोंड देण्याची शक्ती कमी करतात. हे वाचून कोणी आपले औषध बंद करू नये. थंडी सुरू होताना डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे, एवढेच.

उलट बाजूही आहे. रक्तवाहिन्या आकसल्या की त्याच रक्ताला कमी जागा मिळते आणि रक्तदाब वाढतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात, त्यामागचे हे एक मोठे कारण. म्हणून या दिवसांत रक्तदाब जास्त वेळा मोजावा आणि पहाटे अंधारात फिरायला जाण्याचा नेम असेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे. नेम मोडल्याचे वाईट वाटते हे आम्हाला माहीत आहे, पण ऊन आठ वाजताही मिळते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. रक्त हातापायांतून आत सरकले की मूत्रपिंडांना वाटते शरीरात पाणी जास्त झाले आणि लघवी वाढते. थंडीत रात्री दोन-तीनदा उठावे लागते ते यामुळेही. रजईतून निघून अनवाणी गार फरशीवर, अंधारात, अर्धवट झोपेत. घरातले ज्येष्ठ पडतात ते बऱ्याचदा अशा वेळी. पलंगाजवळ सपाता, शाल आणि रात्रभर मंद दिवा ठेवावा. उठण्याआधी मिनिटभर पलंगावरच बसावे. लघवीच्या भीतीने संध्याकाळपासून पाणीच बंद करणारे काही जण असतात, त्याने रक्त घट्ट होते, तेव्हा तसे करू नये.

आतले तापमान ३५ अंशांच्या, म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. जुन्या पाऱ्याच्या तापमापकावर आकडे साधारण तिथूनच सुरू होतात, त्यामुळे त्यावर हे कळतच नाही. डिजिटल तापमापक बहुधा ३२ अंशांपर्यंत दाखवतात. घरात तोच असावा. सुरुवातीला माणूस कुडकुडतो, मग बोलणे जड होते, हालचाल बेंगरूळ होते, तो गोंधळल्यासारखा करतो, झोपाळतो. घरचे म्हणतात, वयामुळे असेल. साधारण ३२ अंशांखाली कुडकुडणे थांबत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते थंडी गेली, प्रत्यक्षात इंधन आणि नियंत्रण दोन्ही संपत आलेले असते. हिमालयात थंडीने सापडलेले काही लोक शेवटच्या अवस्थेत अंगावरचे कपडे काढून टाकतात, इतकी ती जाणीव उलटी होते.

पाळण्यातले बाळ

'मला थंडी वाजते' असे जे सांगूच शकत नाही, ते तान्हे बाळ. वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार, डोके मोठे, चरबी कमी. नवजात बाळ कुडकुडत नाही, त्याची सगळी भिस्त तपकिरी चरबीवर असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ तीही थोडीच. गार पडलेले बाळ रडत नाही, ते गप्प होते, दूध ओढत नाही.

या बाबतीत मराठी मुलखातले एक काम जगभर अभ्यासले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. या आरोग्यदूत बाळाचे तापमान मोजत, वजन घेत, जंतुसंसर्ग ओळखत आणि गार पडलेल्या बाळाला ऊब देत. त्यांच्या सामानात बाळाला गुंडाळून ठेवायची उबदार पिशवीही असे. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ऊब हा एकच उपाय नव्हता, पण तापमापक आणि दुपट्याचे मोल गडचिरोलीने दाखवून दिले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत राबवली जाऊ लागली.

आपल्या आजीच्या पेटीतली कुंची या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध वस्त्र आहे. डोके, कान आणि पाठ एकाच कापडाखाली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे आणि वरून शाल घेणे, ही सर्वांत खात्रीची ऊब. पहिली अंघोळ जन्मानंतर २४ तासांनी घालावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बाळंतिणीच्या खोलीतली शेक-शेगडी मात्र जपून. ऊब देण्याचा हेतू बरोबर, धूर आणि बंद दार चूक.

घरातले काही प्रश्न

शेगडीवरून आठवले. थंडीत कोळशाची सिगडी खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून झोपल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि त्या गुंगीत तो उठून खिडकीही उघडू शकत नाही. तापमान राखणारा मेंदू स्वतःच्या प्राणवायूची ही तूट ओळखू शकत नाही. सिगडी अंगणात शेकावी आणि आत येताना बाहेरच ठेवावी. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचाही धोका हाच.

थोडी 'घेतली' की ऊब येते असे मानणारे आपल्याकडेही आहेत. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम रक्त वर येते आणि त्वचेच्या टोकांना ऊब जाणवते. तीच उष्णता हवेत निघून जाते. शिवाय दारूने कुडकुडणे कमी होते आणि रक्तातली साखर उतरते. म्हणजे जाणिवेच्या वाटेवर ऊब आणि आत तूट.

कानटोपीची थट्टा होते, पण ती पुष्कळशी अन्यायाची आहे. निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे ऐकीव विधान खरे नाही, प्रौढाच्या डोक्याचा वाटा साधारण त्याच्या क्षेत्रफळाइतकाच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. पण डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या हातापायांसारख्या आकसत नाहीत, म्हणून बाकी अंग झाकले असताना उघडे डोके उष्णता घालवत राहते. आणि चेहऱ्या-कानांवर थंडीची टोके दाट असल्याने ते झाकले की लगेच बरे वाटते.

गरम पाण्याची पिशवी मधुमेही व्यक्तीच्या पायाशी ठेवू नये. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. अंथरूण आधी पिशवीने गरम करून, पिशवी काढून घ्यावी आणि मग पायमोजे घालून झोपावे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे चांगले, कारण ऊब कपड्यांमधल्या हवेच्या थराने राहते.

मणक्याला मानेजवळ इजा झालेल्या व्यक्ती घरात असतील तर त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे. इजेच्या खाली मेंदूचा हुकूमच पोहोचत नाही, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या नीट आकसत नाहीत आणि स्नायू कुडकुडत नाहीत. पाठीत भूल देऊन झालेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण थरथरतो त्यामागेही असेच कारण. भुलेच्या भागात रक्तवाहिन्या सैल पडून उष्णता जाते आणि वरचे अंग ती भरून काढू पाहते. अशा वेळी जवळ एक जास्तीचे ब्लँकेट असू द्यावे.

ज्येष्ठ व्यक्ती गार लागली, गोंधळलेली वाटली आणि तापमान ९५ च्या खाली असले तर ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके आणि धड आधी झाकावे, दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, कारण थंड रक्त एकदम आत गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. पूर्ण शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गरम गोड चहा किंवा दूध चालेल, दारू नाही. आणि १०८ ला फोन करून तापमानाचा आकडा सांगावा. गार अंगात नाडी फार मंद लागते, कधी लवकर सापडत नाही, तेव्हा घरच्यांनी स्वतः निष्कर्ष न काढता रुग्णालयात न्यावे. ऊब दिल्यावर शुद्धीवर आलेल्यांची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत.

मुलांनी फोनवर विचारायचेच असेल तर 'थंडी वाजते का' याऐवजी 'खोलीत किती अंश आहे' हे विचारावे. भिंतीवरचा साधा थर्मामीटर कुठल्याही स्टेशनरीच्या किंवा वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतो. तो झोपण्याच्या खोलीत, पलंगाच्या उंचीवर, खिडकीपासून दूर लावावा.